रचलेला कचरा

वादळ पहाटे गेलं आणि उजाडल्यावर पहिला फोन आला तो आईचा. तुम्ही कसे आहात, छप्पर शाबूत आहे का, घरात पाणी शिरलं का, असले प्रश्न साधारण आया विचारतात. आमच्या आईने विचारलं, "झाड कसं आहे?"

मी त्या वेळी झाडातच उभा होतो. म्हणजे झाड अंगणात आडवं पडलं होतं, त्याचा शेंडा कुंपणाची भिंत ओलांडून रस्त्यावर गेला होता, एक जाडजूड फांदी माझ्या स्कूटरच्या सीटवर बसली होती, आणि मी गुडघाभर पानांत एक चप्पल हातात धरून दुसरी शोधत होतो. अशा अवस्थेत माणसाच्या तोंडून खरं बाहेर यायला काही हरकत नसावी. माझ्या तोंडून आलं, "झाड ना? मजेत आहे."

"बरं झालं," असं म्हणून आईने फोन ठेवला. आम्ही कसे आहोत ते शेवटपर्यंत विचारलं नाही.

झाड बदामाचं. सुक्या मेव्यातला बदाम नव्हे, तो मोठ्या मोठ्या पानांचा, वर्षातून दोनदा सगळं अंगण भरून टाकणारा. आमच्याकडे जमीन बाबांची, घर बाबांचं, कर्ज बाबांचं, पण झाड आईचं. बाबा गेल्यापासून तिची सकाळ त्या झाडाखालच्या खुर्चीत जाते. गेल्या महिन्यात तिच्या छातीत दुखलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. फक्त त्यांना धक्का बसेल असं काही सांगू नका." आता संसारी घरात धक्का न बसणारं असं सांगण्यासारखं काय असतं, ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही. वादळाचा इशारा आला तेव्हा आम्ही तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे नेऊन सोडलं. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, भिंती भक्कम, स्वभाव त्याहून भक्कम.

"अहो, खोटं कशाला बोललात?" बायको दारातून म्हणाली.

"वेळ मारून नेली."

"किती वेळा मारून न्याल? आई काय जन्मभर ताईंकडे राहणार आहेत?"

मी माझी योजना तिला समजावून सांगितली. झाड गेलं ते गेलं, त्याला इलाज नाही. पण आईच्या डोळ्यांना ते पडलेलं दिसू नये. नसलेलं चालेल, पडलेलं नको. ती यायच्या आत सगळं साफ करायचं, अंगण झाडून घ्यायचं आणि मग शांतपणे सांगायचं की झाड धोकादायक झालं होतं, म्हणून पालिकेने रीतसर उतरवून नेलं. रीतसर या शब्दावर माझा फार भरवसा आहे. माणूस कितीही मोठं दुःख रीतसर म्हटल्यावर जरा कमी करून घेतो.

बायको म्हणाली, "पालिका? रीतसर?" आणि आत गेली.

पण बघा, दुसऱ्याच दिवशी पालिकेची भोंगा लावलेली गाडी गल्लीत आली. नागरिकांनी पडलेली झाडं, फांद्या, पालापाचोळा आपापल्या घरासमोर रस्त्याच्या कडेला आणून ठेवावा. पिशव्यांत भरू नये. विजेच्या तारांखाली ठेवू नये. घरातली अडगळ त्यात मिसळू नये. गाडी येऊन उचलून नेईल. कधी, ते भोंग्याने सांगितलं नाही. मी फाटकात जाऊन विचारलं, तर भोंगा पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला.

आमच्या डावीकडे कॅप्टन राहतात. ते ना सैन्यात होते, ना बोटीवर. कधीकाळी कॉलनीच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन होते. टीम मोडली, पद राहिलं. त्यांनी यांत्रिक करवतवाल्या माणसाला भर रस्त्यात अडवून आधी आपल्या दारात आणि मग माझ्या दारात उभा केला. त्याने आमच्या झाडाचे दुपारपर्यंत तुकडे केले, घाम पुसला आणि म्हणाला, "उचलणं आपल्याकडे नाही." मग अंगणात मी, बायको आणि आईचं झाड, एवढेच उरलो.

इथं मला माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट वेगळे, बोल्ट वेगळे, वॉशर वेगळे, प्रत्येकाची मापाप्रमाणे फळी. डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच स्क्रू हाती लागावा, अशी माझ्या स्टोअरची ख्याती आहे. ही ख्याती मीच पसरवली असली तरी ती आहे. त्यामुळे गल्लीतल्या लोकांनी जे केलं ते माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं. लोकांनी काय केलं, तर फांद्या ओढत नेल्या आणि रस्त्याकडेला भिरकावल्या. कॅप्टननी तर फांद्यांच्या पोटात जुनी गादी, मोडकं स्टूल आणि बहुतेक एक पंखाही घुसवला.

मी बुंध्याचे ओंडके तळाला लावले, सगळ्यांची कापलेली तोंडं रस्त्याकडे. त्यावर मध्यम फांद्या, त्यावर बारीक, त्यांच्या सारख्या लांबीच्या मोळ्या करून सुतळीने बांधल्या. पानांचा शेजारी चौकोनी वाफा केला आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेने विटा लावल्या. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा वर ताडपत्री ओढली, कारण ओल्या लाकडाचं वजन वाढतं आणि पालिकेच्या गाडीला त्रास होतो. स्टोअरची सवय असेलही, पण खरं सांगायचं तर ते लाकूड नुसतं फेकवत नव्हतं. आईचं झाड होतं. फेकायचंच होतं तरी नीट ठेवून फेकावं, असं मला वाटलं.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "आता याला कुलूपही लावा," ती म्हणाली.

समोरच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. त्या गॅलरीतून आमच्या घराचा कोणताच भाग सुटत नाही. त्या म्हणाल्या, "डावीकडचा ओंडका जरा आत घ्या हो, बाहेर आलाय." मी तो आत घेतला. बरोबर होतं त्यांचं.

मग सुरू झालं वाट पाहणं. मी कारखान्यातून रजा घेतली होती. गाडी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून आंघोळीला जायची चोरी. जेवताना कान रस्त्याकडे. दुधाची गाडी वाजली की मी फाटकात. पाण्याचा टँकर वाजला की मी फाटकात. एकदा तोंडाला साबण लावलेला असताना मी धावत बाहेर आलो, तर कॅप्टन आपली गाडी धूत होते आणि इंजिन उगाच चालू ठेवलं होतं. "सराव करताय का?" त्यांनी विचारलं. घरात आलो की बसवत नव्हतं, बसलो की उठवत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही, मी लगेच उठतच होतो. बायकोने शेवटी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली.

त्यात रोज सकाळी आईचा फोन. म्हणजे फोन मीच करायचा असं ठरलं, कारण तिने केला की माझी तयारी झालेली नसते.

"झाड कसं आहे?"

"छान आहे. एक फांदी मोडली बारकी, बाकी ठणठणीत."

"कुठली?"

"ती... रस्त्याकडची."

"हं. आणि खारी?"

"खारी काय, दिवसभर वर-खाली चाललंय त्यांचं."

खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं, हे शहाणपण मला होतं. पण आई विचारत राहायची आणि मी सांगत राहायचो. पहिल्या दिवशी झाड नुसतं उभं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला नवी पालवी फुटली. तिसऱ्या फोनला त्याच्यावर एक निळा पक्षी येऊन बसला, जो मी आयुष्यात कुठल्याही झाडावर पाहिलेला नाही. बायको ओट्याजवळून ऐकायची आणि कपाळाला हात लावायची. एकदा मी भरात येऊन सांगितलं की पानं लाल व्हायला लागली आहेत.

"या दिवसांत?" आई म्हणाली.

"वादळाने बिचकलं असेल," मी म्हणालो.

"असेल," आई म्हणाली. मग विचारलं, "मी घरी कधी येऊ?"

"वीज नाही अजून."

"काकूंकडे टीव्ही चालू असतो म्हणे."

"त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे." काकूंकडे इन्व्हर्टर नाही. पण आता इतक्या मोठ्या कारभारात एक इन्व्हर्टर काय जड होता?

शेवटी एका सकाळी ती आली. मोठा पिवळा ट्रक, पाठीवर लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला जबडा. गल्लीने तिचं नाव चिमटा ठेवलं होतं. चिमट्याने पहिल्या घराचा ढीग एका घासात उचलला. दुसऱ्याचा उचलला. कॅप्टनच्या ढिगातून गादी लोंबत वर गेली, स्टूल गेलं, पंखा गेला, कुणी हूं की चूं केलं नाही. मग तो जबडा माझ्या ढिगावर आला. आईचं झाड चाललं म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चिमटा समोर काकूंच्या फांद्या उचलत होता.

मी पायजम्यावर ट्रकमागे धावलो. मुकादम दाराला लोंबकळून शिटी वाजवत होता. त्याने बोलण्यापुरती शिटी तोंडातून काढली.

"माझा राहिला!" मी ओरडलो.

"कुठला?"

"तो काय, ताडपत्रीचा!"

"तो कचरा नाही," मुकादम म्हणाला. "तुमचं लाकूड आहे ते, रचून ठेवलेलं. आम्ही लोकांचा माल उचलत नाही."

"माल कसला? कचरा आहे तो!"

"कचऱ्याला सुतळी बांधतात का? कचऱ्यावर ताडपत्री घालतात? साहेब, मागच्या गल्लीत एकाचं असंच रचलेलं उचललं. तो ड्रायव्हरच्या अंगावर आला, दाराच्या चौकटीचं लाकूड होतं म्हणे. आम्हाला ताप नको."

"अहो, पण मीच सांगतोय ना, मालक सांगतोय!"

"बघा, मालक म्हणालात," मुकादम म्हणाला आणि शिटी तोंडात घातली. ट्रक वळणावरून गेला. सगळी गल्ली लख्ख झाली. फक्त माझ्या दारासमोर माझा ढीग उभा होता, आणि आजूबाजूचं सगळं गेल्यामुळे तो आधीपेक्षाही सुबक दिसत होता.

त्यानंतर जे झालं ते माझ्या शत्रूवरही येऊ नये. दुपारी बेकरीवाला सायकलवरून उतरला आणि ओंडक्यांवर बोटाने टकटक करून "कसं दिलं?" म्हणाला. मी म्हटलं, फुकट घेऊन जा, आत्ता घेऊन जा. फुकट म्हटल्यावर तो सावध झाला. ओंडका हुंगला, नख लावून पाहिलं. "ओलं आहे. वाळू द्या. पुढच्या वर्षी नेतो. तोवर असंच ठेवा, रचलंय झकास." संध्याकाळी फिरायला निघालेले दोन आजोबा ताडपत्रीवर टेकले. दुसऱ्या दिवशी तेच आजोबा आणखी दोघांना घेऊन आले. आमच्या गल्लीत बसायला कुठे जागाच नव्हती, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. काकूंनी वरून त्यांना चहासुद्धा पाठवला. मी चौघांना विनंती केली की हे इथून हलवायचं आहे, तर त्यांतले एक म्हणाले, "हलवा, पण सावलीला हलवा."

पालिकेच्या कचेरीत मी गेलो तो ताठ मानेने. खिडकीतल्या कारकुनाने गल्लीचं नाव विचारून संगणकात पाहिलं.

"तुमची गल्ली पूर्ण झालीय."

"पण माझा ढीग तिथंच आहे."

"गल्ली पूर्ण झालीय म्हणजे ढीग उरलेला नाही."

"मी आत्ता पाहून आलो."

"मग तो ढीग नसेल," कारकून म्हणाला.

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा केला, लहान केला आणि मागे वळून हाक मारली, "अरे इकडे ये, बघ काय रचलंय!" बघता बघता खिडकीच्या आत गर्दी झाली. कुणी म्हणालं, गाठी बघ, सगळ्या एका रेषेत. कुणी म्हणालं, विटाही लावल्यात. एका बाईंनी विचारलं, आमच्या रेकॉर्ड रूमला याल का? खोटं कशाला बोलू, त्या अपमानातही मला किंचित बरं वाटलं. तेवढ्यात कारकून म्हणाला, "पण मग हे आमच्याकडे नाही. हे रस्त्यावरचं बांधकाम झालं. वरचा मजला, अतिक्रमण."

वरच्या मजल्यावरच्या मॅडम जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "परवानगी घेतली होती?"

"झाड पडायची?"

"रस्त्यावर साठा करायची."

मी त्यांना सगळं सांगितलं. वादळ, झाड, आई, छातीत दुखणं, डॉक्टर, सगळं. सांगता सांगता माझा आवाज चढला, मग बसला. मॅडमनी डबा बंद केला. "तुमच्या आईंना कधी आणताय?" त्यांनी विचारलं. रविवारी संध्याकाळी, मी म्हणालो, ताई आता ऐकायलाच तयार नाही. मॅडमनी खाली फोन लावला. रविवारी सकाळी चिमटा उरलंसुरलं उचलायला आमच्या बाजूला येणार होता. "पण मुकादमाला ते कचऱ्यासारखं दिसलं पाहिजे," त्या मला म्हणाल्या. "तेवढं तुम्ही बघा."

रविवारी सकाळी मी चहा न घेताच कामाला लागलो. ताडपत्री काढली, सुतळ्या कापल्या, विटा बाजूला केल्या. मग पहिली मोळी उचलली आणि रस्त्याकडेला फेकली. ती पडली ती सरळ पडली. दुसरी फेकली, ती तिच्याशेजारी जरा तिरकी पडली, म्हणून मी पायाने सारखी केली. मला कळलंही नाही. वाफ्यातली पानं विस्कटली आणि थोड्या वेळाने पाहतो तो मी त्यांचा गोल ढीग करत होतो.

"बाजूला व्हा," बायको म्हणाली. "तुम्हाला साधा कचरासुद्धा करता येत नाही."

तिने पदर खोचला. कॅप्टन आले आणि मोठ्याने हुकूम सोडू लागले, "आडवं टाका! ते उभं! ते रचल्यासारखं दिसू देऊ नका!" काकू झाडू घेऊन उतरल्या आणि पानं उलट्या दिशेने झाडू लागल्या. आजोबा मंडळी रविवार म्हणून सकाळीच आपल्या बाकावर बसायला आली, तर बाक उधळला जात होता. "चांगलं होतं की हो," ते हळहळले आणि मग त्यांनीही हात लावला. मला मात्र हात पाठीमागे बांधून कुंपणाशी उभं केलं होतं. माझं सगळं लक्ष वळणाकडे. चिमटा आला की नाही, आला की नाही. संध्याकाळी ताई यायच्या आत अंगण धुवायचं होतं, उरलेल्या खोडावर कुंड्या मांडायच्या होत्या, रीतसर कसं म्हणायचं याची एकदा तालीम करायची होती.

वळणावरून गाडी आली. पिवळी नव्हती. ताईची होती.

सगळे जिथल्या तिथे थांबले. कॅप्टनच्या हातात एक फांदी होती, ती त्यांनी पाठीमागे लपवली, जणू तेवढ्याने काम भागणार होतं. काकू झाडू घेऊन भराभर आपल्या जिन्याकडे निघाल्या. ताईने दार उघडलं आणि आई उतरली. ताई माझ्याकडे बघून ओठांनीच म्हणाली, ऐकेना, सकाळीच निघू म्हणाली.

आई सावकाश चालत ढिगापर्यंत आली. एका ओंडक्याला हात लावला. मग फाटकातून आत पाहिलं. अंगणात उरलेलं खोड होतं आणि त्याच्यामागे आमचं घर एकदम उघडं पडलेलं दिसत होतं.

"आई," मी म्हणालो, "ते काय झालं, ते धोकादायक... पालिकेने रीतसर..."

"शेंडा भिंतीवरून पलीकडे पडला ना?" आई म्हणाली. "आणि स्कूटरचं काय झालं?"

कॅप्टन गप्प. हा एक चमत्कारच.

"तुला कोणी सांगितलं?"

"काकूंनी. त्याच दिवशी पहाटे, झाड पडल्या पडल्या. तुला फोन केला त्याच्या आधी."

जिन्यात काकूंच्या हातातला झाडू खाली पडल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांसमोरून ते सगळे दिवस गेले. पालवी, खारी, लाल पानं, तो निळा पक्षी. कानशिलं गरम झाली. इतके दिवस मी उपाशीतापाशी, अर्ध्या दाढीने, पायजम्यावर धावलो ते कोणासाठी?

"मग मला विचारलंस कशाला, झाड कसं आहे म्हणून?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"तू सांगशील म्हणून विचारलं. तुझ्या तोंडून ऐकलं की रडायचं, असं ठरवून बसले होते." आईने ओंडक्यावरचा भुसा बोटांनी झाडला. "तू म्हणालास मजेत आहे. मग काय करायचं? रडताही येईना. दिवसभर मला ठाऊक असायचं की ते पडलंय. पण सकाळी तू बोलायला लागलास की तेवढा वेळ ते उभं असायचं. मग मी रोज विचारायला लागले."

बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, धूळ गेली, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

आणि तेव्हाच चिमटा आला. ज्याची मी इतके दिवस येरझाऱ्या घालत वाट पाहिली, तो आता, अगदी आत्ताच, शिटी वाजवत आला. मुकादमाने ढिगाकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "हां, आता कसं कचऱ्यासारखं दिसतंय!" मी त्याला थांबवायला हात वर केला. आईने माझा हात खाली केला. लोखंडी जबडा उतरला, मिटला, वर गेला. दोन-तीन वेळा. आई शेवटपर्यंत उभी राहून पाहत होती, कुणाचाही हात न धरता. ट्रक निघणार तेवढ्यात तिने बायकोला सांगितलं, "त्या लोकांना पाणी दे आधी, उन्हात काम करतात." मुकादम शिटी काढून पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "बघा, इतकं सोपं होतं."

घरात आलो. ताई चहा पिऊन आपल्या घरी गेली. बाहेरच्या खोलीत ऊन थेट आत आलं होतं. इतकं ऊन त्या खोलीत मी जन्मात पाहिलं नव्हतं, भिंतीवरचे ओलीचे डाग, सोफ्याचा विटलेला रंग, सगळं उघड झालं होतं. आईने आपली खुर्ची खिडकीशी ठेवली. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून मागे घेतली. मग दाराशी नेली. मग पुन्हा खिडकीशी. मी तिच्यामागे उशी घेऊन फिरत होतो. डॉक्टरांना फोन करावा का, गोळी द्यावी का, काही सुचत नव्हतं. शेवटी ती बसली आणि घड्याळाकडे पाहत म्हणाली, "आज तुझा फोन नाही आला."

"आई, तू घरी आहेस."

"मग आत जा आणि कर."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मानेने स्वयंपाकघराची वाट दाखवली. मी आत गेलो, ओट्याला टेकून उभा राहिलो आणि नंबर लावला. फोन बाहेरच्या खोलीत वाजला. तो तिने चांगला चार वेळा वाजू दिला, आमची आई फोन कधी चटकन उचलत नाही.

"हॅलो, कोण?"

"मी," मी म्हणालो. इतके दिवस एवढ्या थापा मारल्या, आता एक साधी पालवी फुटेना. बायको मागोमाग येऊन भांडी घासायला लागली होती आणि नळ वाहत होता.

"रेंज नाही का तुला?" आईने विचारलं.

"आहे."

"मग मी सांगते. ऐक." ती थांबली. खुर्ची करकरल्याचा आवाज दोन्हीकडून आला, फोनमधून आणि भिंतीपलीकडून. "आज वारा सुटलाय. पानं नुसती सळसळताहेत. तुला येतोय का आवाज?"

बायकोने नळ बंद केला. मी कान लावून ऐकलं. बाहेर रस्ता मोकळा होता, अंगण मोकळं होतं, एक पान हलत नव्हतं.

"येतोय," मी म्हणालो.